सूर लिहून ठेवणारी पेटी

आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना ‘सीक्वेन्सर’ हा शब्द ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यावरून भांडणं केलेली आहेत. म्हणून आधी पहिल्या निम्म्यांसाठी थोडंसं. दुसऱ्यांनी चार ओळी गाळल्या तरी चालेल.

टेपरेकॉर्डर आवाज साठवतो. सीक्वेन्सर आवाज साठवत नाही. कीबोर्डवर तुम्ही कोणती पट्टी दाबलीत, केव्हा दाबलीत, किती जोरात दाबलीत आणि केव्हा सोडलीत, एवढीच नोंद तो ठेवतो. मग तीच नोंद तो वाद्याला वाचून दाखवतो आणि वाद्य पुन्हा तसंच वाजतं. सतारीच्या आवाजात वाजवलेलं बासरीच्या आवाजात ऐकायचं असेल तर फक्त आवाज बदलायचा, नोंद तीच. माझ्या पिढीला कळेल असं सांगायचं तर ही भातखंड्यांची स्वरलिपी आहे, फक्त ती वाचायला माणूस लागत नाही. मी पेटीच्या परीक्षा दिल्या तेव्हा वहीत मात्रांचे खण पाडायचे, त्यात स्वर भरायचे, मींड असली की वरून कमान काढायची, असा उद्योग केलेला आहे. सीक्वेन्सरही तेच करतो. खण मात्र फारच बारीक पाडतो.

आता भांडण कशावरून? तर ही वही ठेवायची कुठे यावरून. कीबोर्डच्याच पोटात सीक्वेन्सर असतो (अशा कीबोर्डला ‘वर्कस्टेशन’ म्हणतात), की सगळं कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरमध्ये करायचं? माझा धाकटा भाऊ पहिल्या पक्षाचा. सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रांमधून तो पंचवीस वर्षं कीबोर्ड वाजवत होता, दिवसा नोकरी आणि रात्री कार्यक्रम. २०१९ मध्ये तो गेला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात जाहिरातींना आणि मालिकांना संगीत देतो. तो पक्का कॉम्प्युटरवाला. बापलेकांचा हा वाद मी दिवाळीच्या फराळापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलेला आहे.

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे दोन माणसं भांडायला लागली की मला पहिला प्रश्न पडतो तो, ‘हे सुरू कधी झालं?’ म्हणून गेले काही महिने वाचत बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. १८९५ मध्ये अमेरिकेत एडविन व्होटी यांनी ‘पियानोला’ तयार केला. कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडलेली, गुंडाळी फिरली की भोकांतून हवा जाते आणि त्या-त्या जागची पट्टी खाली दाबली जाते. ही यंत्रं इतकी खपली की कारखाने पुष्कळ निघाले, पण एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालेना. शेवटी १९०८ मध्ये बफेलो इथे उत्पादक एकत्र बसले आणि ८८ पट्ट्यांच्या गुंडाळीची मापं ठरली. पुढे तर वादकाचा जोर, त्याचं थांबणं, हेही पकडणाऱ्या गुंडाळ्या निघाल्या. राखमानिनॉफसारख्या मोठ्या वादकाच्या अशा गुंडाळ्या आजही आहेत. कागदाला भोकं, पण हात त्या माणसाचा. आज भाच्याच्या कॉम्प्युटरवर जी चौकट उघडते, आडव्या पट्ट्यापट्ट्यांची, तिचं नावही ‘पियानो रोल’च आहे. त्याला हे कुठून आलं ते माहीत नव्हतं. (मला ते सांगताना फार आनंद झाला हे कबूल करते. मास्तरीण ती मास्तरीणच.)

मधली पन्नास-साठ वर्षं ओलांडून १९७७ ला येऊ. जपानच्या रोलँड कंपनीने ‘एमसी-८ मायक्रोकंपोझर’ नावाचा डबा काढला. मूळ कल्पना राल्फ डाइक या कॅनडातल्या संगीतकाराची. या डब्याला पियानोची पट्टीच नव्हती! आकडे होते. प्रत्येक स्वरासाठी आकडे टाकायचे: कोणता सूर, पुढच्या सुरापर्यंत किती अंतर, त्यातला किती वेळ आवाज राहायचा. स्मरणशक्ती १६ किलोबाइट, म्हणजे पाचेक हजार स्वर. म्हणजे बघा, तेव्हा संगीत हे चक्क हिशेबाच्या चोपडीसारखं लिहिलं जात होतं. जपानच्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ने हा डबा रंगमंचावर नेला आणि तो चालवायला हिदेकी मात्सुताके नावाचा वेगळा माणूस सोबत ठेवला.

याच कंपनीची पुढची एक गोष्ट मुंबईशी येऊन मिळते. १९८१ मध्ये त्यांनी ‘टीबी-३०३’ नावाची छोटी चंदेरी पेटी काढली. एकट्या वादकाला साथीला बेस गिटारवाला मिळाला नाही तर त्याची उणीव भरून काढायची, हा हेतू. आत सीक्वेन्सर होता, पण त्यात सूर एकदा भरायचे आणि लय वेगळी भरायची, असा विचित्र प्रकार. आवाजही बेस गिटारसारखा अजिबात नव्हता. १९८४ मध्ये उत्पादन बंद. पण त्याआधीच, १९८२ मध्ये, चरणजित सिंग या हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या वादकाने मुंबईत ही पेटी, एक ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर जोडून राग वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती तबकडी. त्या पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि रागाला नेमकी तीच लागते. तबकडी काही चालली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नाच जन्माला घातला, आणि २०१० मध्ये चरणजितजींची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या जाणकारांनी कपाळाला हात लावला, की हे तर मुंबईत पाच वर्षं आधी झालेलं आहे! २०१५ मध्ये ते गेले. निदान आपल्या हयातीत त्यांना परदेशात मैफली करायला मिळाल्या, हे बरं झालं.

तोवर अडचण तीच होती जी १९०८ च्या आधी गुंडाळ्यांची होती. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नसे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी यात पुढाकार घेतला. काकेहाशींचा जन्म १९३० चा, स्मिथ १९५० चे, म्हणजे माझ्याच बरोबरीचे. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात वाद्यांचं प्रदर्शन भरलं. तिथे स्मिथ यांच्या कंपनीचा ‘प्रॉफेट-६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर-६’ एका तारेने जोडले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं! या बोलीला नाव पडलं ‘मिडी’. पाच खिळ्यांची तार, १६ वाहिन्या, सेकंदाला ३१,२५० बिट, आणि जोर मोजायला शून्य ते १२७ आकडे. एक स्वर सुरू करायचा हुकूम पोचायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो. मला सगळ्यात विशेष वाटलं ते हे की ही बोली वापरायला कुणी पैसे लावले नाहीत. २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

आता मिडी आल्यावर वही कुठेही ठेवता यायला लागली आणि इथेच रस्त्याला दोन फाटे फुटले.

एक फाटा कीबोर्डच्या पोटात गेला. १९८६ चा एन्सोनिकचा ‘ईएसक्यू-१’, त्यात आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर. आणि मग १९८८ चा कोर्गचा ‘एम-१’, ज्याने ‘वर्कस्टेशन’ हा शब्द घराघरात नेला. खऱ्या वाद्यांचे नमुने, ढोल-ताशे, घुमारा देणारे इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर, सगळं एका पेटीत. स्मरणशक्ती किती? आवाजांना पूर्ण जागा दिली तर ४४०० स्वर, आवाजांची जागा निम्मी केली तर ७७००. पडदा दोन ओळींचा, ओळीत ४० अक्षरं. एवढ्यावर लोकांनी अख्खी गाणी बांधली. अडीच लाखांच्या आसपास पेट्या विकल्या गेल्या म्हणतात. इंग्लंडमध्ये ‘प्रॉडिजी’च्या लियम हाउलेटने १९९२ चा पहिला अल्बम मुख्यतः रोलँडच्या ‘डब्ल्यू-३०’ या १९८९ च्या वर्कस्टेशनवर केला.

दुसरा फाटा कॉम्प्युटरचा. १९८४ मध्ये हॅम्बुर्गला चार्ली स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड रूरुप या दोघांनी कमोडोर-६४ साठी सीक्वेन्सर लिहिला. पण खरी बहार आली ती १९८५ च्या ‘अटारी एसटी’मुळे. हा होता खेळ खेळायचाही कॉम्प्युटर, पण त्याला बाजूला मिडीची भोकं कारखान्यातूनच बसवून आली होती. बाकीच्यांना वेगळी पेटी घ्यावी लागे. १९८९ मध्ये स्टाइनबर्गचं ‘क्यूबेस’ याच अटारीवर आलं. (आधी नाव ‘क्यूबिट’ होतं, ते दुसऱ्या कुणाचं निघालं म्हणून बदललं.) त्यात गाणं डावीकडून उजवीकडे वाहतं, एकाखाली एक वाद्यांच्या ओळी, आणि तुकडे उचलून इकडचे तिकडे ठेवता येतात. आज कुठलंही संगीताचं सॉफ्टवेअर उघडा, चित्र तेच.

लोकांना वाटतं कॉम्प्युटर आला आणि कीबोर्डचा सीक्वेन्सर मागे पडला. तसं लगेच झालं नाही, दहा-पंधरा वर्षं दोघं शेजारी-शेजारी नांदले. कारण साधं आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायला मिनिटाला दहा एमबी लागतात. चार मिनिटांचं गाणं चाळीस एमबी. अटारीची स्मृती होती एक एमबी. त्यामुळे तोही बिचारा आवाज न साठवता फक्त नोंदच ठेवत होता आणि वाजायला बाहेरची वाद्यं लागतच होती. फरक होता तो पडद्याचा. एक दोन ओळींच्या फटीतून गाणं बघत होता, दुसरा खिडकीतून.

आमच्या भावाने कीबोर्ड घेतला १९९६-९७ च्या सुमारास, सोळा ट्रॅकचा, फ्लॉपीवाला. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून. आमची आई त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. तोवर त्यांच्या ऑर्केस्ट्रात चौदा-पंधरा माणसं असत. अ‍ॅकॉर्डियन, दोन व्हायोलिन, ट्रम्पेट, बोंगो-काँगो, ढोलकी. नवा कीबोर्ड आल्यावर दोन-तीन वर्षांत ती सात झाली. व्हायोलिनवाल्यांपैकी एक शाळेत आमच्या सहकाऱ्यांपैकीच होते. ते काही बोलले नाहीत, पण गणपतीत त्यांना बोलावणं येईनासं झालं. भाऊ म्हणायचा, “ताई, बिदागी तेवढीच राहिली आणि जीपचं भाडं वाढलं, मी काय करू?” यात तो एकटा नव्हता. १९८२ मध्येच लंडनच्या वादकांच्या संघटनेच्या शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घाला असा ठराव केला होता. मुंबईच्या स्टुडिओंतले मोठमोठे वाद्यवृंद नव्वदच्या दशकात कसे विरत गेले, ते ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ च्या पुस्तकात लिहिलं आहे. वाद पेटीचा आणि कॉम्प्युटरचा म्हणून आपण बोलतो, पण त्या व्हायोलिनवाल्या सरांच्या दृष्टीने दोन्ही एकच.

असो. भावाची बाजू काय होती ते सांगते, कारण ती आता सांगायला तो नाही.

तो म्हणायचा, कीबोर्डचं बटण दाबलं की तो अर्ध्या मिनिटात वाजायला तयार. त्याला दुसरं काही कामच नाही. कॉम्प्युटरला मात्र शंभर कामं, त्यात एक गाण्याचं. हे नुसतं म्हणणं नव्हतं, त्याला शास्त्र आहे. कॉम्प्युटर आवाज घोटाघोटाने पुढे देतो. एक घोट २५६ नमुन्यांचा धरला तर सेकंदाला ४४,१०० या हिशेबाने सेकंदाचे जवळजवळ सहा हजारांश भाग नुसते घोट भरण्यात जातात, शिवाय इतर उशीर वेगळा. घोट लहान केला तर कॉम्प्युटर दमतो आणि कडकड वाजतो. पट्टी दाबली आणि आवाज किंचित मागाहून आला की वादकाचा हात बिघडतो. २००८ च्या गणपतीत भाच्याने हौसेने लॅपटॉप रंगमंचावर नेला, आणि लावणीच्या ऐन मध्यावर तो थिजला. पडदा निळा, समोर गाव. भावाने शांतपणे फ्लॉपी सरकवली आणि त्याच गाण्याचा आपला ट्रॅक सुरू केला. पुढे दहा वर्षं हा किस्सा आम्हाला दरवर्षी ऐकावा लागला.

पण भाच्याचंही ऐका. सदतिसाव्या आवर्तनातला एक चुकलेला स्वर दुरुस्त करायला भाऊ तो छोटा पडदा डोळ्यांजवळ नेऊन, बोटांवर मात्रा मोजत, एकेक नोंद पुढे सरकवत बसायचा. अर्धा तास. मुलगा तेच माउसने क्षणात करतो आणि नाही आवडलं तर परत फिरवतो. शिवाय भावाच्या कीबोर्डमध्ये सीक्वेन्सरची स्मृती वीज गेली की कोरी. आणि आमच्याकडे भारनियमन! दर पाच मिनिटांनी तो फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा. एकदा रात्रभर बसून बांधलेलं गाणं पहाटे चार वाजता गेलं, तेव्हा तो अंगणात जाऊन बसला होता ते मला आठवतं. कामाच्या सोयीच्या बाबतीत मी भाच्याच्याच बाजूची आहे, हे इथे लिहून ठेवते.

कॉम्प्युटरने पुरती बाजी मारली ती १९९६ ते २००२ या काळात. हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, १९९६ च्या क्यूबेसने इफेक्ट कॉम्प्युटरच्या आत आणले, १९९९ मध्ये वाद्यंच आत आली. म्हणजे आता बाहेर काही ठेवायची गरज उरली नाही. कोर्गने तर २००५ मध्ये आपला ‘एम-१’ही सॉफ्टवेअर म्हणून विकायला काढला. अख्खी पेटी कॉम्प्युटरच्या पोटात!

मात्र कॉम्प्युटरवाल्यांनी टिकाऊपणाच्या फार बढाया मारू नयेत. ऑपकोड ही मॅकिन्टॉशवरची मातब्बर कंपनी १९९८ मध्ये गिब्सनने घेतली आणि वर्षभरात तिचं काम थंडावलं. ‘लॉजिक’ बनवणारी जर्मनीतली इमॅजिक कंपनी २००२ मध्ये अ‍ॅपलने घेतली आणि विंडोजवर लॉजिक वापरणारे रातोरात पोरके झाले. अटारीवर केलेली क्यूबेसची गाणी आजच्या क्यूबेसमध्ये सरळ उघडत नाहीत. पेटी बिघडते, सॉफ्टवेअर सोडून जातं. टिकलं काय? तर १९८३ ची ती फुकट दिलेली बोली, आणि १९८८ मध्ये ठरलेला तिचा लिखित अवतार, ‘प्रमाण मिडी फाइल’. मोडी येणारी माणसं उरली नाहीत म्हणून बंद पडलेले रुमाल मी दप्तरखान्यात पाहिले आहेत. लिपी वाचणारा कुणीतरी शिल्लक असणं याची किंमत मला कळते.

हे मी का लिहिते आहे, तर भाऊ गेल्यावर कपाटात बेचाळीस फ्लॉप्या निघाल्या. बिस्किटांच्या डब्यात, रबर लावून, प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात गाण्यांची यादी. भावजयीने डबा भाच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “यात काय आहे ते बघ.” भाच्याने यूएसबीवर चालणारा फ्लॉपीचा खोका मागवला. मिरजेच्या पावसाळ्यांनी काहींवर बुरशी चढली होती, तरी तीसेक वाचता आल्या. त्यातली काही गाणी प्रमाण मिडीत होती, ती सरळ उघडली. पहिलं उघडलं ती लावणी. आणि ढोलकीच्या जागी काय वाजावं? बोंगो, घंटा आणि मधूनच शिट्टी! हसून हसून पुरेवाट. त्याचं कारण असं की १९९१ मध्ये कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज याची एक जागतिक यादी ठरली. तिच्यात १०५ वर सतार आहे, ११२ वर शहनाई आहे, पण तबला-ढोलकी कुठेच नाही. भावाने ढोलकीचे बोल आपल्या कीबोर्डवर ज्या पट्ट्यांना लावले होते, त्या पट्ट्यांना या यादीत बोंगो आणि शिट्ट्या.

उरलेली गाणी कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीत होती, ती कॉम्प्युटरला कळेचनात. मग एकच मार्ग राहिला. ती फ्लॉपी भावाच्या जुन्या कीबोर्डमध्ये घालायची, मिडीची तार कॉम्प्युटरला लावायची, एका बाजूने वाजवायचं आणि दुसऱ्या बाजूने नोंदवून घ्यायचं. इथे घाई चालत नाही. चार मिनिटांच्या गाण्याला चार मिनिटं लागतात. ज्या पेटीला भाचा भंगार म्हणत होता तिच्यासमोर तो तीन रविवार बसला आणि वडिलांची एकूण एक गाणी त्याने पहिल्यांदाच सलग ऐकली.

आणि मग पडद्यावर एक गोष्ट दिसली. पियानो रोलमधल्या स्वरांच्या पट्ट्या उभ्या रेघांवर बसत नव्हत्या. कुठे रेघेच्या केसभर आधी, कुठे नंतर. सीक्वेन्सरमध्ये हे सरळ करायची सोय असते, ‘क्वांटाइझ’ म्हणतात. रॉजर लिन यांनी ती १९८० च्या आपल्या ‘एलएम-१’ या ड्रम मशीनमध्ये आणली आणि नंतर सगळीकडे पसरली. भावाच्या कीबोर्डलाही ती होती. त्याने ढोलकीला आणि बेसला वापरलेली दिसत होती, कारण ते रेघेवर चोख बसलेले. पण सुरावटीच्या ट्रॅकला त्याने हात लावला नव्हता. तिथला प्रत्येक स्वर त्याने जसा वाजवला तसाच.

“आत्या, हे सरळ करू का? एका बटणाचं काम आहे. सीडी काढू आणि सगळ्यांना देऊ,” भाचा म्हणाला.

मी म्हटलं, “आधी वाजव.”

मुखड्याच्या शेवटी तो नेहमी जरा रेंगाळायचा आणि सम यायच्या आत धावत येऊन पोचायचा. लहानपणी पेटीवरही हेच करायचा, आमचे गुरुजी त्याला त्यावरून ओरडायचे. पडद्यावर ते मोजता येत होतं. त्याच्या कीबोर्डमध्ये एका मात्रेचे ९६ भाग होत, भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ९६०. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ९६ चा एक भाग म्हणजे सेकंदाचे पाचेक हजारांश. भावाचं रेंगाळणं तसल्या चार-पाच भागांचं होतं. प्रत्येक कडव्याला जवळजवळ तेवढंच. त्याला चूक म्हणायचं तर चूक इतक्या नेमाने होत नाही.

शिवाय खाली आणखी एक ओळ होती, वेड्यावाकड्या डोंगरासारखी. ती डाव्या हाताने फिरवायच्या दांडीची नोंद. तिच्यानेच तो मींड काढायचा. मिडीत सूर वाकवण्याचा हुकूम पूर्ण वाहिनीला लागू होतो, एकेका स्वराला वेगळा नाही. (ती सोय प्रमाण म्हणून ठरली २०१८ मध्ये, त्याला पाहायला मिळाली असती तर खूष झाला असता.) म्हणून तो सुरावट एकेरीच वाजवायचा आणि तिला स्वतंत्र वाहिनी द्यायचा. भाच्याने बटण दाबून पाहिलं. स्वर उड्या मारून रेघेवर गेले, पण तो डोंगर जागच्या जागी राहिला. आता स्वर एका ठिकाणी आणि त्याची मींड दुसऱ्या ठिकाणी. कोमल गंधारावर उतरायची जागा नेमकी बेसूर झाली. भाच्याने चेहरा केला आणि परत फिरवलं. म्हणाला, डोंगरही ओढून नेता येतो, पण सगळ्या गाण्यांना हाताने करावं लागेल. मी म्हटलं, करता येतं हे मला कळलं, कर असं मी म्हटलेलं नाही. भावजय दारात उभी होती. तिला यातलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते. तिने विचारलं, “मघाचंच राहू दे ना, ते यांचं होतं.”

ते राहिलं. ढोलकीचे आवाज मात्र भाच्याने चांगले शोधून लावले, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

बाजारात हा वाद अजून मिटलेला नाही. २०१६ मध्ये यामाहाने आपल्या बड्या कीबोर्डमधला पूर्ण सीक्वेन्सर काढून टाकला आणि सोबत क्यूबेसची छोटी आवृत्ती दिली, तर जुने वादक चिडले. २०१९ चा रोलँडचा ‘फँटम’ आणि २०२० चा कोर्गचा ‘नॉटिलस’ यांनी सीक्वेन्सर ठेवला. ‘अकाई’ने तर २०२२ मध्ये कॉम्प्युटरशिवाय चालणाऱ्या आपल्या ‘एमपीसी’लाच पियानोच्या पट्ट्या जोडल्या. भाच्याचे काही तरुण मित्र म्हणे हल्ली मुद्दाम कॉम्प्युटर बंद ठेवून अशा पेट्यांवर काम करतात, कारण पडद्याकडे बघून कंटाळा आला. भावाने हे ऐकलं असतं तर पुढची दहा वर्षं आम्हाला तेही ऐकावं लागलं असतं.

न वाचता आलेल्या डझनभर फ्लॉप्या डब्यात तशाच आहेत. त्यांतल्या एकीवर ‘ताईच्या शाळेचं गॅदरिंग’ असं लिहिलं आहे. बुरशी मऊ कापडाने आणि कसल्याशा द्रावणाने पुसता येते असं भाच्याने कुठेतरी वाचलं आहे. पाऊस संपून हवा कोरडी झाली की करून बघू म्हणतो.